कोणत्या भाषेत

अरुळचा स्ट्रायकर पांढऱ्या सोंगटीच्या कडेला निसटता लागला. सोंगटी हळूच वळली आणि पॉकेटमध्ये पडली.

"वा," ऊर्मी म्हणाली.

मोठ्याने नाही. पण चेन्नईतल्या एग्मोरच्या त्या हॉलमध्ये बोर्डावरची पावडर उडू नये म्हणून पंखेसुद्धा बंद ठेवले होते. प्रतिस्पर्धी जोडीतल्या दर्शनने लगेच हात वर केला. "सर, ती त्याच्याशी बोलली."

कॅरमच्या दुहेरीत जोडीदार समोरासमोर बसतात. डाव संपेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, खूणही करायची नाही. पंच वेंकटरमण सरांनी आधी बोर्डाकडे पाहिलं. ऊर्मी आणि अरुळची आता एकच पांढरी उरली होती, तीही अरुळच्या पुढ्यात, त्याच्याच रेघेच्या मागे. समोरच्या पट्टीवर स्ट्रायकर आपटून परत आणला तरच तिच्यापर्यंत पोहोचणार. ऊर्मीच्या बाजूने मात्र ती सरळ होती.

"'वा' म्हणाली, सर," दर्शनची जोडीदार सौम्या म्हणाली. "म्हणजे माझ्याकडे येऊ दे, मी मारते."

तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'.

दुसऱ्या रांगेतून ऊर्मीची आई उठली. "एक मिनिट, सर," ती इंग्रजीत म्हणाली. "आम्ही मराठी आहोत. मराठीत 'वा' म्हणजे 'छान'. मी भाजी चांगली झाली तरी म्हणते."

लोक हसले. सरही हसले. आई पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती, शहराबाहेरच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधून, डबा घेऊन. जूनमध्ये बाबांच्या बदलीबरोबर सगळे अंबरनाथला जाणार होते. ही मॅच जिंकली तर राज्याच्या संघात निवड आणि त्याआधी महिनाभराचं शिबिर, दोघांचं. हरली तर हा खेळ आजच संपला. अरुळला तर निवड झाली तरच खेळाडूंच्या कोट्यातून कॉलेज होतं. नाहीतर कासिमेडूच्या धक्क्यावर काकाबरोबर मासळीसाठी बर्फ फोडायचा, हे घरात ठरलेलं होतं.

"मराठीत म्हणालीस?" सरांनी ऊर्मीला विचारलं.

ऊर्मीने होकारार्थी मान हलवली. सोपं होतं ते. आई कौतुकाने बघत होती.

पण अरुळशी ती कधी मराठीत बोललीच नव्हती. दोन वर्षं सरावाच्या वेळी बोर्डापलीकडून ऐकून ऐकून तिच्या तोंडी त्याचीच तमिळ बसली होती, धक्क्यावरची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, "तू पुढे मासे विकायला बसणार का गं?" आत्ताचा शब्द कोणत्या भाषेतला, हे तिला तो तोंडातून सुटतानाच कळलं होतं. सोंगटीचा विचारही तिच्या मनात नव्हता. ये. कुठे, ते तिला सांगता आलं नसतं.

"तंबी, तुला मराठी येतं?" सर अरुळकडे वळले.

"नाही, सर."

"मग तुला काय ऐकू आलं?"

'काही नाही' एवढं तो म्हणाला असता तरी पुरलं असतं. ऊर्मी त्याच्याकडे बघत राहिली. भुवई हलली असती तरी ती खूण झाली असती. अरुळने तिच्याकडे पाहिलं, आणि शाळेच्या समारंभात आपलं नाव पुकारल्यावर मुलं हसतात तसा तो किंचित हसला.

"ये म्हणाली," तो म्हणाला.

फाउल. दंडाची सोंगटी दर्शनने सावकाश, बोटाने ढकलत ढकलत मधोमध बसवली. अरुळने ती एका फटक्यात घातली. मग शेवटची. स्ट्रायकर समोरच्या पट्टीवर आपटून परत आला, सोंगटीला लागला, सोंगटी थेट पॉकेटच्या तोंडाशी गेली आणि तिथेच थांबली. पुढचं काम दर्शनने केलं. त्याला फार वेळ लागला नाही.

हस्तांदोलनं झाली. कोणीतरी पंखे लावले. आई डब्याची पिशवी घेऊन बोर्डाजवळ आली.

"तू मराठीतच म्हणालीस ना?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

ऊर्मी बोलायच्या आत अरुळ समोर येऊन उभा राहिला. हात पावडरने पांढरे झालेले. "ऊर्मी," तो तमिळमध्ये म्हणाला, "तू काय म्हणाली होतीस? मला सांग फक्त. हरल्याचं काही नाही."

सात वर्षं आवडी गावातल्या बाजारात भाजी घेऊन आईला एवढी तमिळ कळत होती. ती दोघांच्या मध्ये, पिशवी दोन्ही हातांत धरून, उभी होती.

"मराठी," ऊर्मी तमिळमध्ये म्हणाली. "छान खेळलास, असं."

अरुळने मान डोलावली. मग पुन्हा डोलावली. हात पँटला पुसले आणि तो आईकडे वळला.

"सॉरी, आंटी. तुमची भाषा मला येत नाही. माझ्यामुळे हरली ती."

"असू दे, तंबी," आई तिच्या बाजारच्या तमिळमध्ये म्हणाली, आणि ऊर्मीच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराकडे घेऊन गेली.

"बरं झालं त्याने विचारलं," जिना उतरताना ती म्हणाली. "गैरसमज राहायला नको."