पुढच्या बाकाचे पेले

पेला दयाच्या अंगठ्याहून थोडाच मोठा होता. तिने तो खिडकीशी धरला. काच स्वच्छ होती, तळाशी एक बारीक बुडबुडा अडकलेला. त्यात चहाचे दोन चमचे द्राक्षरस मावला असता, त्याहून जास्त नाही.

“डोळं धुवायचं भांडं हाय का ह्ये, डॉक्टरीणबाई?” शांतवनने दयाला विचारलं. तो चर्चचा म्हातारा राखणदार. थंडीमुळे डोक्याला उपरणं गुंडाळून तो खाली बसला होता आणि मांडीवर चांदीचा मोठा प्याला घेऊन राखेने घासत होता.

“प्रभुभोजनाचे पेले आहेत, शांतवन,” अमेरिकन मिशनच्या डॉक्टर मिस फेल्प्स हसून म्हणाल्या. “अमेरिकेहून आले. लढाईत बोटी बंद, म्हणून इतका उशीर. आता ज्याचा त्याला वेगळा. एकाचं उष्टं दुसऱ्याला नको.”

“म्हंजे ह्यो प्याला मोडीत?”

“नाही, नाही. तो राहील. मंडळीसाठी.”

शांतवनचा हात थांबला. दयाने तबकाकडे पाहिलं. तबकाला गोल भोकं होती आणि प्रत्येक भोकात एक पेला. दोनच ओळी. पुढच्या बाकावर बसणाऱ्या गोऱ्या माणसांपुरत्या.

दया आणि मिस काल, शनिवारी, मोटारीने नगरला आल्या होत्या. खेड्यातल्या मिशनच्या दवाखान्यात दोघी डॉक्टर एका टेबलावर जेवत. नगरात मिस मिशनच्या बंगल्यावर उतरल्या आणि दया मुलींच्या बोर्डिंगमध्ये. संध्याकाळी मिसनी तिला कापडबाजारातून लोकर घेऊन दिली. “परदेशात राहायचं तर मधूनमधून शहर हवं, दया,” त्या म्हणाल्या होत्या. “नाहीतर माणूस वेडं होतं.”

“जंतूंचं मी तुला काय सांगायचं?” मिस आता म्हणाल्या. “क्षय कसा पसरतो ते तूच बायकांना शिकवतेस.”

“शिकवते. म्हणूनच विचारते. मग सगळ्यांना का नाहीत?”

“इतके कुठून आणणार? आणि लोकांना सवय आहे. आम्हाला नाही.”

“थर्मामीटर आपल्याकडे एकच आहे, मिसबाई. बाळंतिणीच्या तोंडात जातो तोच तुमच्या तोंडात जातो. मी धुऊन देते.”

मिस पेल्यांवरून फडकं फिरवत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुझ्यासाठी एक धरलाय. आज आमच्याबरोबर पुढे बस. मार्चमध्ये मी मायदेशी गेले की दवाखाना कोणाच्या हातात द्यायचा, ते दुपारी बंगल्यावर ठरणार आहे. मी तुझं नाव सांगणार. सगळ्यांनी तुला पुढे पाहिलेलं बरं.” त्यांनी फडकं खाली ठेवलं. “देवळालीचं तू अजून काही ठरवलं नाहीस ना?”

“नाही,” दया म्हणाली.

देवळाली प्रवरा गावी तिच्या वडिलांनी, याकोब मास्तरांनी, तिच्या दवाखान्यासाठी एक खोली राखली होती. दर नाताळला ते भिंतींना चुना देत आणि विचारत, “यंदा?” ती म्हणे, “पुढच्या वर्षी.” शस्त्रक्रियेचं टेबल मिसच्या दवाखान्यात होतं. देवळालीला नुसत्या भिंती होत्या.

घंटा झाली. मिस तबक घेऊन गेल्या.

“आमच्या बापाला गावात वरनं वतायचे पानी,” शांतवन प्याल्याकडे बघत म्हणाला. “वंजळीत. सायबाच्या व्हटाचा प्याला आमच्या व्हटाला लागतो म्हून आलो हितं आमी.” त्याने प्याल्याची कड फडक्याने पुसली. “तुमी पुढंच बसा, बाई. आपलं एक तरी मानूस पुढं दिसू द्या.”

दया मागे, बायकांमध्ये, सतरंजीवर बसली.

तबक पुढच्या बाकावरून फिरलं. एक पेला भोकात तसाच राहिला. मग पाळकसाहेबांनी चांदीचा प्याला मागे आणला. दयाच्या शेजारी बोर्डिंगची स्वैपाकीण गोजरबाई होती. ती पदरात खोकली. खोल, कोरडा खोकला. दयाने तो नुसत्या कानाने ओळखला. गोजरबाईने घोट घेऊन प्याला तिच्याकडे दिला.

दयाच्या बोटांनी तो अर्धा फिरवला आणि कोरडी कड पुढे आणली. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा घोट घेऊन झाला होता. गोजरबाई बघत होती.

“असू द्या, बाई,” ती कुजबुजली. “माज्यामागचे समदेच फिरवत्यात.”

बाहेर उन्हात मिस फेल्प्स वाट पाहत उभ्या होत्या. हातात तो पेला होता, त्यावर रुमाल झाकलेला. थंडीने त्यांचं नाक लाल झालं होतं.

“तुझा तसाच राहिला,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी पाहिलं. दुपारी मी काय सांगू आता?”

दयाने रुमाल उचलला. रस जास्वंदीच्या मुळाशी ओतला, पेला पदराने पुसला आणि मिसच्या हातात परत ठेवला.

“शांतवन म्हणतो ते खरं आहे. डोळे धुवायला बरा आहे. नव्या डॉक्टरसाठी ठेवा.”

“नव्या?”

हळू बोललं तर ते पुन्हा पुढच्या वर्षावर जाईल, हे दयाला माहीत होतं. ती इतक्या मोठ्याने बोलली की पायऱ्या उतरणारी माणसं जागच्या जागी थांबली.

“मी देवळालीला चालले, मिसबाई. यंदा.”