लेकाकडचा चंद्र

“दिसला का रे? बाहेर आलास का?” सर्जेराव गच्चीवरून फोनमध्ये ओरडले. अंटार्क्टिका लांब, तेव्हा आवाजही तेवढाच मोठा काढायला हवा, अशी त्यांची समजूत. शेजारच्या बंकटचं कुत्रं तेवढं दचकून भुंकलं.

“थांबा आबा, जॅकेट घालतोय. लई गारठा हाय,” पलीकडून अनिल म्हणाला.

वैशाखी पौर्णिमा होती. विहारातून खीर खाऊन नवरा-बायको थेट गच्चीवर आले होते. पावणेअकराच्या पुढं ग्रहण भरात येणार होतं. तेही छायाकल्प. त्यात चंद्र कापला जात नाही, नुसता एका कडेनं मळकट होतो. पंचांगवालेसुद्धा ते पाळत नाहीत, मग घाटनांदुरात त्यासाठी कोण जागतंय? पण सर्जेराव महिनाभर ह्या रात्रीची वाट बघत होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि स्वतः हैदराबादच्या पलीकडं कधी गेले नाहीत. आता लेक पृथ्वीच्या बुडाशी होता, भारताच्या केंद्रावर जनरेटरचा मेकॅनिक. तो निघाला तेव्हा गावानं हलगी लावली, फेटा बांधला, स्टँडवर पेंग्विनशेजारी त्याचा फोटो टांगला. त्याला सहा महिने झाले. तिकडं नेट अपुरं, म्हणून तोंड दिसायचं नाही. आठवड्यातून एकदा आवाज, बस्स.

आईला लेक पाहिजे होता. बापालाही पाहिजेच होता, पण त्यांना तसं म्हणता येईना, म्हणून त्यांनी चंद्र धरला होता.

“आपल्याला वरची कड काळवंडलेली दिसतीय बघ,” ते फोनवर हात ठेवून मुक्ताबाईंना म्हणाले. “त्याला खालची दिसणार. तिकडून चंद्रच उलटा दिसतो.”

“माझ्या लेकराला उलटं टांगल्यावानी बोलू नका,” मुक्ताबाई फणकारल्या, पण मान वर करून बघत राहिल्या.

“अगं, चंद्र एकच. बाप हिकडून बघणार, लेक तिकडून.”

“दिसला, आबा!” फोनमधून अनिल म्हणाला. “वरची कड मळकट झालीया.”

“वरची?”

“हां, वरची. जराशी डावीकडं.”

“नीट बघ बाबा. घाई न्हाई.”

“नीटच बघतोय की. वरचीच हाय.”

सर्जेरावांनी फोन कानापासून लांब धरला. त्यांनी पुन्हा वर पाहिलं. वरची कड, जराशी डावीकडं. हुबेहूब. अंटार्क्टिकाच्या कुठल्याही टोकावरून चंद्र असा दिसत नाही. असा तो इथून दिसतो. लातुरातून दिसतो. फार तर पुण्यातून.

आधी डोकंच फिरलं. मेडिकलमध्ये अडकला असेल, नाहीतर ऐनवेळी नाव काढलं असेल, पण म्हणून सहा महिने बापाला बनवायचं? उद्या स्टँडवर कुठलं तोंड घेऊन जायचं? मग त्यांना आठवलं, पेंग्विनचा फोटो निवडला कोणी? गावभर पेढे घेऊन फिरलं कोण? आपणच की. एवढा गाजावाजा करून ठेवल्यावर ते पोरगं कुठल्या तोंडानं परत येणार होतं? कुठंतरी भाड्याच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात घाम पुसत ते गारठ्याच्या गप्पा मारत होतं. आणि एवढं जवळ होतं! राग कुठल्या कुठं गेला. सहा महिने दाबून ठेवलेली लेकाची ओढ अशी उसळून आली, की त्यांनी कठडा घट्ट धरला.

“काय म्हणतोय?” मुक्ताबाईंनी बाही ओढली. “ग्रहण जाऊ द्या तिकडं चुलीत. कधी येतोय ते इचारा की.”

सर्जेरावांनी घसा खाकरला. ह्या वेळी त्यांचा आवाज अगदी हळू होता.

“अनिल, तुझी आई इचारतीय. तिथून घाटनांदूरला पहिली एसटी किती वाजता हाय रे?”