आईला न आलेली पाळी

शर्वाणी शाळेतून आली ती पोट धरूनच. दप्तर टाकून ती आईच्या पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "आई, मला पाळी आलीय. तुला किती दुखायचं गं?"

विभावरी पलंगाच्या कडेला बसली. तिच्या पिढीतल्या साऱ्या मुलींच्या दंडात दहाव्या वर्षीच पाळी थांबवणारी औषधाची कांडी बसवली जायची. तिला पाळी कधी आलीच नव्हती. शर्वाणीचा गर्भसुद्धा दवाखान्यात रुजवला होता. शर्वाणीने मात्र कांडी नको म्हणून हट्ट धरला होता.

"मला नाही माहीत, बाळा," विभावरी म्हणाली. "अजूनही कांडी बसवता येईल. उद्याच जाऊ."

"नको. बाईंनी शिकवलंय सगळं." शर्वाणीने वही उघडली. "आज पहिला दिवस. इथपासून पुढची पाळी येईपर्यंत दिवस मोजायचे. सुरुवातीची एक-दोन वर्षं मागेपुढे होतं, त्याला घाबरायचं नाही. दुखणं सोसवेनासं झालं, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं."

विभावरी वर्गात बसल्यासारखी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आणि आईने काय करायचं, ते सांगितलं का बाईंनी?"

"ते नाही सांगितलं," शर्वाणी हसली आणि कुशीवर वळली.

विभावरीने तिच्या कमरेवर हात ठेवला. "इथे दुखतंय?"

"जरा खाली."

"इथे?"

"हं. तिथेच."

पोरीचं अंग सैल पडेपर्यंत विभावरी चोळत राहिली. तिने स्वतः कधीच न सोसलेलं ते दुखणं तिच्या तळहाताखाली हळूहळू ओसरत होतं.