रविवारी मशीन चालू करायचं नसतं

"उस्ताद, मुलींना शिकायला ठेवता का हो तुम्ही?"

विचारून टाकलं एकदाचं! तिच्या मैत्रिणी टॉमा आणि गेस्के कुंपणाआड खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. पण विब्केला आता पैजेचं काहीच पडलं नव्हतं. तिला उत्तर हवं होतं.

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या हार्बर्ट्स उस्तादांनी हात पुसले आणि गवत कापायचं एक म्हातारं मशीन पायाने पुढे ढकललं. वर सुट्या भागांचा एक डबा ठेवला. "याचा वेग सांभाळणारा गव्हर्नर बिघडलाय. सोमवारी संध्याकाळी इथे एका सुरात चालवून दाखव. चाललं तर ऑगस्टपासून ये. नाहीतर शाळा आहेच."

घरी आईने कपाळावर हात मारला. "मी औषधांचं दुकान कुणासाठी चालवतेय मग? हिच्या पेट्रोलच्या वासासाठी?"

बाबा शाळामास्तर, पण त्यांचा सूर निराळा. वह्या तपासताना पेनाचं बटण टकटक वाजवायची त्यांची सवय. तसंच टकटकवत ते म्हणाले, "करू दे गं तिला. नाही जमलं तर कुठे बिघडलं?"

शनिवारी तर ते बॅटरी धरून शेडमध्ये उभे राहिले. आणि विब्के, काय सांगावं, नुसती सुटली होती!

"हे बघ बाबा. ही बारीक स्प्रिंग वेग वाढवायला ओढते. ही पत्ती पंख्याच्या वाऱ्याने मागे रेटते. दोघांची जुंपते, म्हणून वेग एकसारखा राहतो."

"म्हणजे मी आणि तुझी आई," बाबा हसले. "आणि स्प्रिंग कमजोर निघाली तर?"

"तर बोंबला!"

पत्तीच्या सांध्यात जुनं गवत वाळून घट्ट बसलं होतं. तिने ते खरवडून काढलं, दोरी ओढली, आणि इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. एका सुरात! विब्केने शेडभर नाच केला.

रविवारी गावात आवाज करायचा नाही असा नियम, त्यामुळे मशीन चालू करायची सोय नव्हती. कुंपणाला कात्री लावली तरी शेजारच्या पोपिंगाबाई दारात हजर व्हायच्या. गल्ली चिडीचूप. आई चहावर साय सोडत होती, बाबा वह्या तपासत होते, घरात टकटकसुद्धा नाही. विब्के दुपारभर गाढ झोपली.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या तिने दोरी ओढली.

भुर्रर्र... हूं. भुर्रर्र... हूं.

"अरे, परवा तर चाललं होतंस की!"

पेट्रोल बदललं. कार्बोरेटर उघडून धुतला. पत्ती बोटाने हलवली, ती मोकळी होती. पुन्हा दोरी. भुर्रर्र... हूं. तिने पाना भिंतीवर भिरकावला आणि मशीनला एक लाथ घातली. लागलं ते तिलाच.

"झालं समाधान?" खिडकीतून आई.

बाबा मात्र शेजारी येऊन बसले. "राहू दे, बाळा. दमलीस तू. मी सांगतो उस्तादांना."

इतक्या मायेने म्हणाले, की ती 'बरं' म्हणणारच होती.

ते आत गेले. विब्के नाक पुसत मशीनकडे बघत बसली. मग तिची नजर एका जागी अडकली. ती वाकली. बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिने डब्यातून एक वस्तू शोधली, मशीनमधली एक काढून खिशात घातली, आणि कुणाला न सांगता मशीन हातगाडीवर टाकलं.

परतली तेव्हा चहा मांडलेला होता. खडीसाखर कपात तडकत होती.

"मी ऑगस्टपासून उस्तादांकडे जाणार," तिने जाहीर केलं. "ठरलं."

आईने किटली आपटली. "माझं कोण ऐकतंय या घरात!"

बाबांचा कप हातातच राहिला. "पण... चाललं कसं?"

विब्केने खिशातून एक इवलीशी स्प्रिंग काढली, दोन्ही टोकं आकड्यासारखी वाकवलेली, आणि त्यांच्या मुक्या पेनाशेजारी अलगद ठेवली.

"ही घे, बाबा. टोकं छान वळवलीस."