डाव्या पायाचा बूट

सुलक्षणाने तो बूट दोन बोटांच्या चिमटीत धरून बाहेर काढला, मेलेला उंदीर उचलावा तसा. चार-पाच वर्षांच्या लेकराच्या डाव्या पायाचा होता. चामडं वाळून लाकडासारखं झालेलं. वरच्या खोलीत धुराड्याशेजारी एक कोनाडा होता, त्यात कोणीतरी तो पार आत सारून ठेवला होता. आणि नेमके त्याच कोनाड्यात तिला देव मांडायचे होते. देवांच्या जागी बूट! तिने तो थेट कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला, कोनाडा तीनदा पुसला आणि वर डोक्यावरून आंघोळ केली.

दुसरी जागा असती तर तिने तो कोनाडा सोडूनही दिला असता. पण घर कसलं, खाली एक खोली, वर एक खोली आणि मध्ये तेरा पायऱ्यांचा अरुंद लाकडी जिना. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जुन्या भागातलं, सहाशे वर्षांचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कौन्सिलला अर्ज. सोफा-कम-बेड उघडला की बाहेरचं दार उघडत नसे. तिच्या नवऱ्याचं, गिरीशचं, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर होतं, म्हणून घर त्याला पसंत. तिला पसंत आहे का, हे विचारायचं राहून गेलं होतं. खाली येणारा-जाणारा बूट घालूनच शिरायचा, म्हणून देव वर.

१९८६चा नोव्हेंबर होता. चारलाच अंधारून यायचं. पाच वर्षांची शिल्पा शाळेतून आली की मायलेकी वर जाऊन दिवा लावायच्या, शुभं करोति म्हणायच्या आणि खाली येऊन चहा-दूध घ्यायच्या. बूट टाकला त्याच संध्याकाळी, दोघी खाली पोचल्यावर, सर्वांत वरच्या पायरीवर आवाज झाला. ठक. मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन पायऱ्या वाजल्या. ठक, थप. एक पाय बुटातला, एक अनवाणी. तिसऱ्या दिवशी तीन. जिन्यावर दिसत कोणीच नव्हतं.

"जुनं लाकूड आहे गं, थंडीत आकसतं," गिरीश ऑन-कॉलला जाता जाता म्हणाला. लाकूड रोज एक पायरी खाली उतरत आकसतं का, हे विचारेपर्यंत स्वारी गल्लीच्या टोकाला पोचलीसुद्धा होती.

बाराव्या दिवशी बारा पायऱ्या वाजल्या. शिल्पाने दुधाचा मग खाली ठेवला आणि जिन्याकडे बघून ओळखीचं हसली. आता एकच पायरी उरली होती आणि त्या पायरीपासून शिल्पाची खुर्ची दोन हातांवर होती.

सकाळी शिल्पाला शाळेत सोडून ती शेजारच्या मिसेस हॉलिसकडे गेली. म्हातारी त्याच गल्लीत जन्मलेली. बुटाचं ऐकताच तिने कप बशीत ठेवला.

"टाकून दिलास? अगं, तो मुद्दाम ठेवतात. धुराड्यातून काही आत उतरलंच, तर त्याने बुटालाच मूल समजावं आणि तिथेच थांबावं, म्हणून. लेकरू असलेल्या घरात ती जागा रिकामी ठेवत नाहीत."

सुलक्षणाला हे पटवून द्यावं लागलं नाही. तिच्या माहेरीही नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून फाटकी चप्पल टांगत. लहानपणी ती त्याला हसायची. आता तिला रडू फुटलं, कारण बिनवाले केव्हाच बिन रिकामा करून गेले होते.

शाळेतून आल्या आल्या तिने शिल्पाच्या पायातले बूट काढून घेतले. उजवा दाराशी ठेवला. डावा पदराखाली धरून ती वर गेली आणि देवांच्या मागे, कोनाड्यात पार आत तो सारला. बारा दिवसांपूर्वी जे शिवलं म्हणून ती न्हाली होती, तेच आज तिने स्वतःच्या हाताने देवांमागे ठेवलं. "देवा, माफ कर," ती म्हणाली. "लेकरासाठी करतेय."

मग शिल्पाला वर बोलावून तिने दिवा लावला. शुभं करोति झालं. सुलक्षणा पुढे उतरली. शिल्पा मागून येतच होती.

ती खाली पोचली आणि जिना वाजला. या वेळी थांबत थांबत नाही. ठक, ठक, ठक, तेराच्या तेरा पायऱ्या. गार वारा तिच्या साडीला घासून पुढे गेला. दमट हवेत फुगून बसणारं, गिरीशला खांद्याने ढकलावं लागणारं बाहेरचं दार अलगद उघडलं आणि मिटलं. गल्लीतल्या फरशीवरून लहान पावलं पळत पळत लांब गेली.

गेलं! सुलक्षणाने हात जोडले. तिला हसूच आलं. जे होतं ते शिल्पाकडे आलंच नव्हतं, त्याला नुसतं बाहेर जायचं होतं.

मग तिच्या लक्षात आलं, की आज थप असा आवाज एकदाही आला नव्हता. आज दोन्ही पायांत बूट होते.

"शिल्पा!"

वरच्या पायरीवर आवाज झाला. ठक.

शिल्पा तिथे उभी होती. दाराशी ठेवलेला उजवा बूट तिच्या पायात होता. डावा पाय उघडा. सुलक्षणा धावत वर गेली, तिला ओलांडून कोनाड्यात हात घातला. देव होते. बूट नव्हता. तिने परत येऊन लेकीला उचलायला बघितलं, दोन्ही हातांनी ओढलं, पण पोरीचे पाय त्या पायरीवरून सुटेनात.

शिल्पा रडली नाही. तिने आपल्या उघड्या पायाकडे बघितलं.

"आई, तिला माझा बूट फिट झाला," ती म्हणाली. "आता मला कोणाचा?"