बाबांचा कान

बाबांनी बॉनेटला कान लावला, तसे सगळे गप्प झाले.

उजवा कान पत्र्याला टेकलेला, डावा तळवा पसरून बॉनेटवर, डोळे मिटलेले. उभा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेलेला. फाटकातूनच "बेअरिंग गेलंय बघा" म्हणणारा माणूस. गाडी विकणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई हात बांधून कौतुकाने पाहत होत्या. आपल्यालाच तपासतायत असं त्यांना वाटत असावं.

लेक मात्र देवासमोर उभं राहावं तशी उभी होती. सातवा महिना. जुन्या गाडीत मागे दोन माणसं बसली की तिसऱ्याने पाय खांद्यावर घ्यावे लागत. मोठी, हायब्रिड, पेट्रोल बेताने पिणारी आणि त्यांच्या बजेटात बसणारी अशी ही एकच सापडली होती, आणि तीही भरपूर पळालेली. ही फसली तर दुसरी घ्यायची सोय नव्हती. नवरा म्हणाला होता, मेकॅनिकला दाखवू. ती म्हणाली होती, "मेकॅनिक कशाला? बाबा आहेत ना!"

"वा!" बाबा म्हणाले. "काय लयीत चाललंय इंजिन! कुठे खरखर नाही, काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

इंजिन चालू नव्हतंच. बटण दाबल्यावर गाडी नुसती बॅटरीवर जागी झाली होती. डॅशबोर्डवर एक हिरवा दिवा, बस्स. हायब्रिडचं इंजिन आपल्या मर्जीने उठतं, सुटीला आलेल्या जावयासारखं.

"आजोबा, पण आवाज कुठंय?" भुंगी म्हणाली. दिवसभर गुणगुणत असते म्हणून घरात तिचं नाव भुंगी. आजोबांच्या अगदी कोपराशी उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं तिने.

बाबा डोळे मिटून मान डोलावत राहिले. तेही त्यांना ऐकू आलं नव्हतं.

लेकीने बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. हल्ली बाबा टीव्ही मोठ्याने लावतात, फोनवर "हो हो, बरं बरं" म्हणून लवकर ठेवतात, दाराची बेल वाजली की आईच उठते. सगळं दिसत होतं, पण एका जागी येऊन बसलं ते आत्ता. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या पायावर पाय दिला. डॉक्टरीणबाईंकडे नुसतंच पाहिलं. त्या बाई तोंड मिटून लांबच्या कुंडीकडे बघू लागल्या. भुंगीला बापाने उचलून घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

आता बाबांचं बोलणं खरं व्हायला हवं होतं. एवढंच तिच्या डोक्यात आलं. पोट सांभाळत ती गाडीत शिरली आणि जागेवरच ॲक्सिलरेटर दाबून धरला. गाडीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, आणि इंजिन उठलं.

बाबांनी डोळे उघडले.

बॉनेटवरचा तळवा त्यांनी किंचित उचलला, पुन्हा टेकवला. पत्र्याखालची थरथर हाताला लागली होती. आधी ती नव्हती. त्यांनी तळव्याकडे पाहिलं. मग काचेतून लेकीकडे.

तिचा पाय आपोआप सुटला. इंजिन पुन्हा निजलं. तळव्याखालची थरथर थांबली, तसा बाबांनी हात काढून घेतला आणि शर्टाला पुसला.



"जावईबापू," बाबा जरा मोठ्यानेच म्हणाले, "तुमचा तो मेकॅनिक आणा उद्या. नवी जात आहे ही. आम्ही आपले पंपवाले."

"आणतो बाबा. पण तुम्हीही या बरोबर," नवरा म्हणाला. वाक्य त्याने बाबांच्या समोर येऊन, सावकाश म्हटलं. लेकीला त्या क्षणी तो फार आवडला.

"एक चक्कर तर मारून या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः बाबांसाठी पुढचं दार उघडलं. "काका, तुम्ही पुढे बसा."

लेकीने गाडी अंगणातून बाहेर काढली. ती जणू पाण्यावरून सरकली. गल्ली, वळण, शाळेची भिंत. कसला म्हणून आवाज नाही. बाबा हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, परक्या घरी आल्यासारखे. तिला म्हणायचं होतं, काही नाही हो बाबा, यंत्र मिळतं कानाचं, उद्याच जाऊ. पण उद्याचं उद्या. सिग्नलला गाडी थांबली.

"इंजिन चालू आहे आत्ता?" बाबांनी विचारलं. इतक्या हळू, जणू दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

तिने त्यांच्याकडे तोंड केलं. "नाही बाबा."

"म्हणजे तुलाही काही ऐकू येत नाहीये?"

"अजिबात नाही."

बाबांनी मागे वळून जावयाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. भुंगीने तर दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे मोठे करून, जोरजोरात मान हलवली.

बाबा हसले. पाठ सीटला टेकवून नीट बसले, पाय लांब केले.

"मेकॅनिक काय ते सांगेल," ते म्हणाले. "माझ्याकडून हो."