रुळांवरचं स्टिअरिंग

माझ्या बाबांनी एका जुन्या बसला रेल्वेची चाकं बसवली आणि अरुंद रुळांवर पेट्रोलची गाडी पळवून दाखवली. वाफेच्या इंजिनवाले तेव्हा फिदीफिदी हसले; पुढं तेच तिकिटाच्या रांगेत उभे राहिले.

रुळांवर स्टिअरिंगचं काय काम? पण रिकाम्या हातांचा ड्रायव्हर पाहून लोक बिचकतात, म्हणून बाबांनी ते नुसतं शोभेला ठेवलं. खाली ते कशालाच जोडलेलं नाही. गाडी मीच दुरुस्त केली, म्हणून छातीठोक सांगते.

आज इतक्या वर्षांनी ती पुन्हा निघाली. मी चालवत होते. मागं आत्या ताठ मानेनं बसली होती.

पहिल्या वळणाआधी स्टिअरिंग आपोआप फिरलं. दुसऱ्या वळणाआधीही.

"आत्या, हे बघ!"

"त्यात बघायचंय काय? दादाची गाडी आहे ती."

मग सरळ रूळ लागले. स्टिअरिंग डावीकडे फिरलं. डावीकडे नुसतं माळरान होतं. मी ब्रेक दाबला.

गाडी वळली.

आत्यानं टाळी वाजवली. "म्हटलं नव्हतं? दादाची गाडी कुणाची मिंधी नाही, रुळांचीसुद्धा!"

समोर गवत आडवं होत होतं, आणि चाकांखाली रुळांचे सांधे खटखटतच होते.